शिंपीणमावशींचा उजवा हात

मी बोलतोय, पण सावकाश. घाई असेल तर शेजारच्या प्रेशर कुकरकडे जा. तो शिट्ट्या मारून सगळं पटापट सांगेल. मी स्लो कुकर. माझ्या पोटात चिनी मातीचं जाड भांडं, त्याभोवती तारांची ऊब, डोक्यावर काचेचं झाकण आणि समोर एकच बटण: बंद, मंद, जास्त. याहून मोठा निर्णय घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. तरीही आठ वर्षं मी एका अट्टल थापेत सामील होतो. आज तेच सांगून टाकतो.

माझा जन्म कारखान्यातला. तपासनीसबाईने माझ्यात पाणी भरलं, मला चालू केलं आणि ती जेवायला गेली. परत येऊन तिने बोट बुडवलं आणि म्हणाली, "अजून नुसतं कोमटच! पास." आयुष्यातली माझी ही पहिली शाबासकी. दुकानात मात्र हाल झाले. गिऱ्हाईक विचारायचं, "किती वेळात शिजतं?" दुकानदार म्हणायचा, "सहा तास." की गिऱ्हाईक सरळ तळण्याच्या कढयांकडे वळायचं.

शेवटी एका तरुण शिक्षिकेने मला उचललं. नवी नोकरी लागली होती, आईला काहीतरी द्यायचं होतं. आई शिवणकाम करायची. सगळी इमारत तिला मावशी म्हणायची. मावशींनी मला मापाच्या नजरेने वरखाली पाहिलं. घेर भरपूर, उंची बेताची, एवढं त्यांच्या लगेच लक्षात आलं.

"हे आळशी बायकांचं भांडं गं," त्या म्हणाल्या. "आम्ही चुलीशी उभं राहून मोठ्या झालो."

लेकीचं मन राखायला त्यांनी मला ठेवून घेतलं आणि लेकीची पाठ वळताच शिवणाच्या खोलीतल्या कपाटात ढकललं. तिथे अस्तराची कापडं होती, उरलेल्या लेसा होत्या आणि कोणीतरी शिवायला टाकून कधीच न नेलेला एक कोट होता. कोट स्वभावाने बरा होता, पण फार रडायचा.

मग ते वर्ष आलं. वर्षअखेरची सुट्टी तोंडावर होती. मावशींनी इमारतीतल्या सगळ्यांना घरचा चॉकलेटचा खाऊ कबूल केला होता आणि त्याच आठवड्यात शाळेच्या नाटकाचे सव्वीस पोशाख शिवायला आले. त्यात नऊ मेंढ्या होत्या. मेंढीला शेपूट लावायचं म्हणजे किती वेळ जातो, हे लावणाऱ्यालाच ठाऊक. चुलीशी उभं राहायला सवड कुठली? मावशींनी दाराकडे पाहिलं, खिडकीचा पडदा ओढला आणि मला कपाटातून बाहेर काढलं.

तळाला खारे शेंगदाणे. त्यावर कडसर चॉकलेटचे तुकडे, त्यावर दुधाचं चॉकलेट, सगळ्यांत वर पांढरं. झाकणाखाली मलमलीची घडी, म्हणजे वाफेचा थेंब आत पडायला नको. बटण 'मंद'वर. मावशी मशीनवर बसल्या आणि मी माझ्या कामाला बसलो. दोन तासांत त्यांच्या पाच मेंढ्या झाल्या आणि माझ्या पोटात सगळं लोण्यासारखं मऊ झालं. त्यांनी एकदा ढवळलं, चमच्याने बटर पेपरवर छोटे छोटे गोळे घातले, ते थंड होऊन टणक झाले. खेळ खलास.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई मापाला आल्या. त्यांनी एक गोळा तोंडात टाकला आणि डोळेच मिटले.

"मावशी! हे तर तासन्‌तास ढवळलं असणार तुम्ही!"

मावशींच्या तोंडात त्या वेळी सहा टाचण्या होत्या. त्या फक्त "हूं" म्हणाल्या.

बस. थाप जन्माला आली ती अशी. त्यात मावशींचा दोष अर्धाच. उरलेला अर्धा टाचण्यांचा.

पण थाप ही वेलीसारखी, आधार मिळाला की चढते. दुसऱ्या वर्षी "तासन्‌तास"चे तीन तास झाले. तिसऱ्या वर्षी ढवळायची दिशा ठरली: उजवीकडून डावीकडे, उलटं केलं तर चॉकलेट रुसतं. चौथ्या वर्षी खांदा दुखायला लागला. खाऊ वाटायला जिना चढताना मावशी मधेच थांबायच्या, खांदा चोळायच्या आणि म्हणायच्या, "करायचं म्हटलं की करायचं. माणसाने शरीराचे लाड करू नयेत." जाण्याआधी आरशात बघून कपाळाला चॉकलेटचं एक बोट लावायच्या, तेही मी पाहिलंय. आणि मी? कपाटात, रडक्या कोटाखाली. लेकीने एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तो कुकर होय? दिला मी कोणालातरी."

माणसांचं मला मोठं नवल वाटतं. खाऊ तोच, चव तीच. पण "सहज झालं" म्हटलं तर एक गोळा खाऊन गप्प बसतात, आणि "खांदा निखळला" म्हटलं की चार खाऊन टाळ्या वाजवतात.

आठव्या वर्षी लेकीचं लग्न झालं. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा. अंगापिंडाने भरभक्कम, बोलायला लाजाळू. सासूबाईंसमोर आला की हात कुठे ठेवावेत हेच त्याला कळायचं नाही. मावशीही त्याच्याशी "चहा घेणार?" आणि "गार झाला का?" यापलीकडे बोलत नसत.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी लेक परगावच्या प्रशिक्षणाहून परतणार होती. जावई दुपारीच येऊन बसला. मावशींनी सवयीने खांदा चोळला आणि सुस्कारा सोडला. "यंदा काही होईलसं वाटत नाही बाई. हात उचलत नाही." त्यांना वाटलं होतं, तो म्हणेल, "राहू दे," मग आपण म्हणू, "नाही, लेकीसाठी करीनच," आणि शिवणाच्या खोलीत येऊन मला चालू करू.

पण जावई उठून उभा राहिला आणि बाह्या सरसावल्या. "आई, ती म्हणते हा खाऊ तोंडात पडल्याशिवाय तिला सुट्टी लागल्यासारखं वाटत नाही. मी करतो. तुम्ही खुर्चीत बसून नुसतं सांगा."

आता आली का पंचाईत! खरं सांगावं तर आठ वर्षांची अब्रू जाते. मावशी खुर्चीत बसल्या आणि त्यांनी तोंडाला येईल ते सांगायला सुरुवात केली. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, त्यावर छोटं पातेलं ठेवायचं, त्यात चॉकलेट घालून ढवळत राहायचं. पद्धत तशी खोटी नव्हती. फक्त मावशींनी ती जन्मात कधी केली नव्हती.

भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. पहिल्या खेपेला पाण्याचा थेंब उडाला आणि चॉकलेटचा चिखल झाला. दुसऱ्या खेपेला आच मोठी झाली आणि करपल्याचा वास माझ्या कपाटापर्यंत आला. "हरकत नाही जावईबापू," मावशींचा आवाज जरा पातळ झाला होता, "राहू द्या आता." पण तो गडी मागे हटणारा नव्हता. "नाही आई, तुम्ही इतकी वर्षं करताय, मला एकदा जमू नये?" तिसऱ्या खेपेला त्याने वरचं पातेलं उचललं आणि खालची सगळी वाफ त्याच्या उजव्या हातावर आली.

त्याने आरडाओरडा केला नाही. नळ सुटल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ नुसतं पाणी वाहत राहिलं.

मावशींनी जिन्यातून हाक मारल्यावर डॉक्टरीणबाई मलम आणि पट्टी घेऊन खाली आल्या. भाजणं वरवरचं होतं, पण पाच-सहा दिवस त्या हाताने अवजार धरायचं नाही, म्हणाल्या. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी मावशींना शिवणाच्या खोलीत आणलं आणि दार लोटलं.

"मावशी, मी दात बघते, तसे माणसांचे हातही बघते. आठ वर्षं तुम्ही उकळत्या भांड्याशी तीन-तीन तास उभ्या राहता आणि हातावर एक डाग नाही?"

मावशींनी हात पदराखाली घेतले.

"मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. म्हटलं, गोड थाप आहे, कोणाचं काय जातंय. आज मात्र गेलं. बिचारा बाहेर काय म्हणतोय ऐकलंत? 'चूक माझीच, आईंसारखा हात नाही माझा.'"

डॉक्टरीणबाई निघून गेल्या. मावशी कपाटासमोर उभ्या राहिल्या. मशीनवरचा दोरा उगाचच सरळ केला, कात्री उचलून परत ठेवली. मग कोट बाजूला सारला, मला दोन्ही हातांनी कवेत घेतलं आणि माझी वायर फरशीवर घासत स्वयंपाकघरात गेल्या. मला टेबलावर त्याच्यासमोर ठेवलं.

"हे काय, आई?"

"हा माझा उजवा हात," मावशी म्हणाल्या. "आजवरचं सगळं यानेच केलंय. मी कधीच ढवळलं नाही. खांदाही दुखत नाही."

जावयाने माझ्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे. हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.

"मी तीन वेळा केलं, आई. तुम्ही समोर बसून बघत होतात."

"हो."

"दुसऱ्या वेळेला तरी सांगायचं."

"पहिल्याच वेळेला सांगायला हवं होतं." मावशींचा आवाज माझ्या झाकणासारखा ओलसर झाला. "लोक माझ्या कष्टांचं कौतुक करतात, त्याची चटक लागली हो मला. चुकले मी."

मावशी कोणाला "चुकले" म्हणालेल्या मी त्याआधी ऐकलं नव्हतं. माप चुकलं तरी त्या गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "तुम्ही सुटलात."

जावयाने डाव्या हाताने मला गोल फिरवलं, तळ पाहिला, वायर पाहिली. यंत्र दिसलं की त्या माणसाचं राग धरणं संपतं. "यात ढवळायचं किती?"

"शेवटी एकदा. आधी दोन तास झाकणाला हात लावायचा नाही. कष्ट काय ते एवढेच."

दोघांनी मिळून थर लावले. तो डाव्या हाताने दाणे पसरत होता, अर्धे टेबलावर सांडत होता. मग झाकण लागलं, आणि दोघांना करायला काही उरलं नाही. चहा दोनदा झाला. जावई लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायला लागला. एक गृहस्थ आत वीस मिनिटं अडकले आणि बाहेर येऊन त्यालाच ओरडले, की इतक्या लवकर कशाला काढलं, बायकोशी बोलायचं टळत होतं! मावशी इतक्या हसल्या की त्यांना खरोखरच खांदा धरावा लागला. त्यांनी मेंढ्यांची गोष्ट सांगितली, टाचण्यांची सांगितली. मग तोही हसला, एकदाचा.

गोळे बटर पेपरवर गार होत असताना लेक दारात आली. नवऱ्याची पट्टी पाहून बॅग तिथेच टाकली. "काय झालं?"

"तीन तास ढवळलं," जावई गंभीरपणे म्हणाला.

"अहो, गप्प बसा!" मावशी ओरडल्या आणि लेकीला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. लेकीने आधी नवऱ्याचा हात पाहिला, मग आईवर चिडली, भरपूर चिडली, आणि चिडता चिडता चार गोळे खाल्ले.

त्या वर्षी खाऊ वाटताना मावशी जिन्यात थांबल्या नाहीत. दार उघडलं की आधी कबुली, मग डबा. काही जणांनी तोंडं वाकडी केली. एक-दोघांना चवही कमी वाटली म्हणे! पण पुढच्या आठवड्यात निम्मी इमारत मला बघायला आली. डॉक्टरीणबाईंनी तर स्वतःसाठी एक कुकर आणला, आणि धीर न धरवून दोन तासांत सात वेळा झाकण उघडलं. आता त्या मुकाट्याने खाली येऊन आमचंच खातात.

मी आता स्वयंपाकघराच्या ओट्यावर असतो, खिडकीशेजारी. माझी वायर जावयाने बदलली आहे. आतल्या भांड्याला केसाएवढी चीर गेली आहे. एक दिवस ती रुंदावेल, हे मला ठाऊक आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. मी बंद पडेन तेव्हा "बिचारा जन्मभर राबला" असं कृपा करून म्हणू नका. मी कधीच राबलो नाही. एका जागी बसलो, ऊब दिली, आणि तेवढ्या वेळात माणसं एकमेकांशी बोलली.