आधी ताईले दे!

मी एक जुनी बास्केटबॉलची रिंग आहे. दिसायला नुसतं लोखंडी कडं. पण वलगावात भल्याभल्यांना माझ्याकडे मान वर करूनच बघावं लागतं.

शेषराव मिस्त्रींनी मला तापवून वाकवलं, खांबावरच्या फळीला बसवलं आणि झकास नारिंगी रंग दिला. तेव्हा दीपमाला शाळेत होती. तिचा चेंडू मला न शिवता जाळीतून खाली उतरायचा. अकोल्याच्या संघाला तिने कितीतरी वर्षं पाणी पाजलं. लोक म्हणायचे, "रिंग लकी आहे." फुकटचा मान कोणाला नको असतो?

पुढे सोबतच्या मुली लग्न होऊन गेल्या, संघ विस्कटला. माझी जाळी कुजली. गणपतीत माझ्यावर दिव्यांच्या माळा, एरवी माझ्या खांबाला कोणाची तरी शेळी. मला फार राग यायचा, पण लोखंडाचा राग बघतो कोण!

दीपमाला मात्र नर्सची नोकरी सांभाळून येतच राहिली. तिनेच नवी जाळी लावली. आचल, अपेक्षा अशा नव्या मुली गोळा केल्या. केस पांढरे व्हायला लागले, गुडघ्याला पट्टा आला, जिद्द तीच. तरी संघ हरतच होता. यंदा अकोल्याच्या मुली वलगावला खेळायला आल्या, तेव्हा प्रशिक्षक खुशालरावांनी स्पष्टच सांगितलं, "दीपमाला, आज हरलो त संघ बंद. पोरींचे मायबाप आता पाठवाले तयार नाहीत."

हरण्याचं कारण मला वरून स्वच्छ दिसत होतं. घरात मोठ्यांच्या आधी ताटाला हात लावत नाहीत, तसं या पोरी दीपमालाताईच्या आधी चेंडूच मारत नसत. समोर मोकळी जागा असली तरी "आधी ताईले दे!" अकोल्याच्या मुलींना हे पाठ होतं. तिघी जणी ताईला घेरायच्या, की खेळ खल्लास.

मध्यंतराला आपण मागेच होतो. आचल रडवेली झाली. "ताई, आमी त तुमालेच बॉल देऊन राहिलो ना!"

"तेच चुकून राहिलं," दीपमाला कडाडली. "मले तिघी धरतात, म्हंजे तुमी मोकळ्या. काहून मारत नाही?"

"तुमच्या आधी कसं मारू?"

"माहा मान घरी ठेव. रिंग दिसली का मार! चुकला त मी आहो ना खाली, बॉल पकडाले."

मध्यंतरानंतर आपला संघ माझ्या बाजूला चढाई करू लागला. आचलचा पहिला चेंडू माझ्यावर दाणकन आपटून उडाला. दीपमालाने दुखऱ्या गुडघ्यावर उडी मारून तो झेलला आणि परत तिच्याच हातात दिला. "पुन्हा मार!" या खेपेला तो आत गेला. मग अपेक्षाही मारू लागली.

शेवटचे काही सेकंद उरले, आपण एकाच गुणाने मागे. चेंडू दीपमालाकडे, भोवती तिघी. सगळं मैदान ओरडलं, "ताई, मार!" खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. पण तिने चेंडू आचलकडे सरकवला. आचलने तो मारला. माझ्या कडेवर तो गरगर फिरला, माझा जीव टांगणीला लागला, आणि मग तो आत पडला. आपण जिंकलो!

पोरींनी आचलला उचललं. दीपमाला माझ्या खांबाला टेकून गुडघा चोळत हसत होती. खुशालरावांनी विचारलं, "शेवटचा बॉल काहून सोडला वं?"

"भाऊ, मी नसली तवाबी संघ राह्यला पाह्यजे."

मित्रांनो, आपल्या ताईला मान जरूर द्या. पण सगळा भार तिच्यावर टाकून त्याला मान म्हणू नका. तिचा गुडघा दुखतो आहे. आता उडी तुम्ही मारा.