डावीकडचे चार रकाने

माझ्या भावाला नाचता येत नाही, गाता येत नाही, साधी टाळीसुद्धा तालात पडत नाही. पण दुसऱ्याच्या तालातली चूक काढायला त्याच्याइतका तरबेज माणूस मी पाहिलेला नाही.

"पुन्हा लाव," दादा म्हणाला.

मी पुन्हा लावलं. पडद्यावरचे आकडे धबाधबा खाली पळाले, ड्रमचे तुकडे कडकड-कुटकुट करत आमच्या दोघांच्या हेडफोनांतून दोन्ही कानांत सांडले, आणि दादासाहेबांनी मान हलवली.

"नाही."

"काय नाही?"

"डावीकडचा स्नेअर. एक ओळ उशिरा येतोय."

हा छळ तिसऱ्या रविवारी चालू होता. आठवडाभर मी स्टुडिओत बसून साबणाच्या जाहिरातींतले नट-नट्यांचे श्वास कापते. रविवारी कानांना सुट्टी द्यावी म्हटलं तर हा सकाळीच दारात हजर.

कॉलेजात असताना दादाने ट्रॅकरवर एक चीज रचली होती. ट्रॅकर हे संगीत करायचं सॉफ्टवेअर, पण दिसायला बसचं वेळापत्रक. उभे रकाने, आडव्या ओळी, घराघरात सूर आणि आकडे. वरून खाली जाईल तसं वाजत जातं. दादाने ड्रमचा एक चिमूटभर तुकडा घेऊन त्याचा अक्षरशः कीस पाडला होता. स्नेअर ड्रमचा अर्धाच ठोका दहा वेळा, उलटी झांज, मध्येच सीडी अडकल्यासारखी खरखर, आणि सगळं अशा वेगात की ऐकणाऱ्याला धाप लागावी. आईला वाटायचं कॉम्प्युटर बिघडला. ती येऊन मागची वायर हलवून जायची.

तेव्हा घरात इअरफोनची एकच जोडी होती. डावा त्याच्या कानात, उजवा माझ्या. म्हणून त्याने ही चीज आमच्या भांडणासारखी रचली. आठ रकान्यांतले चार फक्त डावीकडे वाजायचे, चार फक्त उजवीकडे. डावीकडून तो बोलायचा, उजवीकडून मी उलट उत्तर द्यायची, आणि शेवटी दोघं एकदमच ओरडायचो.

पुढे ती डिस्क गेली आणि तिच्याबरोबर फाइलही. उरली ती मित्राने भरून घेतलेली एक कॅसेट. आता येत्या शनिवारी जुन्या ट्रॅकरवाल्यांचा मेळावा होता. प्रत्येकाने स्टेजवर बसून, रकाने चालू-बंद करत, आपली जुनी चीज लोकांसमोर वाजवायची. दादा सगळ्यांना हो म्हणून बसला आणि मग माझ्याकडे आला. मी कॅसेट ऐकून एकेक घर भरायचं आणि त्याने शेजारी बसून चुका काढायच्या, अशी कामाची वाटणी त्यानेच ठरवली.

"स्वतः कर की," मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

"स्क्रीनने डोळे दुखतात गं."

असं म्हणून हा मोबाइलवर बुद्धिबळ खेळत बसला.

शिवाय नखरे. खुर्ची माझ्या डाव्या हातालाच हवी, तिथलं कपाट सरकवावं लागलं तरी चालेल. मी पलीकडून हाक मारली तर ओ देणार नाही. ऐकून न ऐकल्यासारखं करायची कला आमच्या घरातल्या पुरुषांकडे पिढीजात आहे, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"कॅसेटवर तो स्नेअर असाच आहे," मी म्हटलं.

"नाही, ठमे. एक ओळ वर."

"कान माझे आहेत की तुझे?"

"चीज माझी आहे."

मी दातओठ खात स्नेअर एक ओळ वर चढवला. त्याने वाकून पडद्यावर ते घर नीट पाहिलं आणि समाधानाने मागे टेकला. उजवी बाजू धड आहे ना, तेवढं तपासावं म्हणून मी डावे चार रकाने बंद केले. तेवढ्यात वहिनीचा फोन आला, दादा जेवायला कधी येणार म्हणून. "त्याला कायमचा घेऊन जा," असं तिला सांगून मी फोन ठेवला आणि वैतागून, हेडफोन गळ्यातच ठेवून, सुरुवातीपासून लावलं.

दादाने डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर त्याने माझ्या पाठीत धपाटा घातला.

"हेच! ठमे, हेच ते! बसला की नाही डावा स्नेअर?"

मला हायसं वाटलं. मग माझं पडद्याकडे लक्ष गेलं. डावे चारही रकाने करडे, बंद. मी ते चालू करायलाच विसरले होते.

आधी मला हसू आलं. पकडला चोर! तीन रविवार माझं रक्त आटवलंस आणि अर्धी चीज गायब असताना म्हणतोस हेच? मी फाडफाड बोलत सुटले.

तो हसला नाही. वादही घातला नाही. दादा वाद घालत नाही म्हटल्यावर मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"डावा कान गेलाय," तो म्हणाला. "सहा-सात महिने झाले. एका सकाळी उठलो तर नव्हताच. नस गेली म्हणतात. परत नाही यायचा."

"आणि हे मला आज सांगतोस?"

"तू आवाजावर पोट भरतेस. तुला काय सांगू, माझा अर्धा बंद पडला म्हणून?"

"मग डावीकडच्या चुका कुठून काढत होतास?"

"डोक्यात आहे ना सगळं. पडद्यावर बघायचो. जे घर वेगळं दिसेल ते सांगायचो."

"स्क्रीनने डोळे दुखतात म्हणे!" मी ओरडले आणि मला रडूच आलं. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

नाक पुसून मी कॅसेटची नुसती डावी बाजू लावली आणि तोच स्नेअर चार-पाचदा ऐकला. दादाच बरोबर होता. चुकत मी होते.

"सगळे रकाने उजवीकडे आणते," मी म्हटलं. "दोन मिनिटांचं काम आहे. शनिवारी तुला सगळं ऐकू येईल."

"नको. दोघं एकाच बाजूने बोलले तर त्याला भांडण कोण म्हणेल?" त्याने कीबोर्ड माझ्याकडे ढकलला. "डावे चार तू वाजव. स्टेजवर."

"मी? त्या तुझ्या ढेरपोट्या मित्रांसमोर?"

"मला तिकडचं कळणार नाही, ठमे. तू असलीस तर मला बघावं लागणार नाही."

मी कुरकुरत उठले, खुर्ची फिरवून त्याच्या डावीकडे नेली. त्या बाजूने मी हळूच त्याला गाढव म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही.

आम्ही सुरुवात केली. तो उजवे रकाने उघडत-मिटत होता, मी डावे. बोटं दुखायला लागली, पण घरं चुकली नाहीत. तो स्नेअर आला आणि जिथे पडायला हवा तिथेच पडला.

"एक ओळ उशीर," दादा म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले होते.

मी थांबवलं. त्याच्या उजव्या कानावरचा हेडफोन सरकवला आणि तिकडे वाकले.

"हो रे," मी म्हटलं, "चुकलं माझं. पुन्हा घेऊ."