तानुबाईची बॅटरी

मी बॅटरी आहे. काळी, साठ किलोची, भिंतीला टेकून प्लास्टिकच्या गाड्यावर बसलेली. रूप मला कधीच नव्हतं, आता नावही राहिलं नाही. वामनरावांच्या घरची बॅटरी दगाबाज निघाली, असं बीबी गावापासून मेहकरपर्यंत लोक बोलतात. बोलू द्या. माझी बाजू कोणी विचारायला आलं नाही, म्हणून मीच सांगायला बसले आहे.

कुठल्याशा कारखान्यात शिसं आणि ॲसिड भरून मला तयार केलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मेहकरच्या दुकानात आठ दिवस धूळ खात होते. गिऱ्हाईक यायचं, टीव्ही किती वेळ चालेल, मिक्सर चालेल का, असं विचारायचं. एक दिवस वामनरावांचा मुलगा भागवत आला. त्यानं एकच विचारलं, "माह्या मायचं मशीन हिच्यावर किती वेळ चालन?" खरं सांगते, त्या प्रश्नावर मी खूश झाले.

त्याची माय म्हणजे तानुबाई. चाळीस वर्षं चुलीत फुंकर घालून घालून तिची छाती कामातून गेली होती. डॉक्टरनं ऑक्सिजनचं मशीन दिलं. ते खाटेशेजारी घुरघुरत बसायचं आणि बारीक नळीनं तिच्या नाकाला हवा पोचवायचं. पण त्याला लाइन लागते, आणि आमच्याकडची लाइन तुम्हाला माहीत आहे. जरा वारा सुटला की गेली. म्हणून गच्चीवर सोलरच्या दोन प्लेटा, भिंतीवर छोटा इन्व्हर्टर आणि खाली मी, असा आमचा संसार मांडला गेला.

बसवायला मेहकरचा धम्मदीप आला होता. कमी बोलणारा, हातात कसब असलेला माणूस. त्यानं खाटेजवळ वेगळं सॉकेट काढून दिलं आणि सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, "भागवतभौ, याच्यावर फक्त मायचं मशीन आन् एक बल्ब. दुसरं काई लावसान तं इन्व्हर्टर बोंबलन आन् सारंच बंद पडन." सगळ्यांनी हाव हाव म्हणून माना हलवल्या. तानुबाईनं नाकातल्या नळीसकट वाकून मला हळदकुंकू लावलं. "बाई, तुह्याच भरोशावर हाय मी," म्हणाली. एवढ्या प्रेमानं माझ्याशी नंतर कोणी बोललं नाही.

पहिला महिना मी मानानं राहिले. लाइन जायची, मशीन चालूच. तानुबाई खाटेवर बसून मेथी निवडायची, सुनेला सूचना द्यायची. मग हळूहळू माणसांचा गुण दिसायला लागला. वामनरावांना घरी सोलर आल्याचं भारी कौतुक. लाइन गेली की चार घरचे मोबाइल माझ्यावर लागायचे. "आपल्या बापाचं काय जाते? सूर्याचं हाय," असं ते म्हणायचे. सून रुपालीनं एकदा मिक्सर लावला. इन्व्हर्टर किंचाळला, सगळं बंद, तानुबाईचं मशीनही. मिनिटभर ती माशासारखी तडफडली. घर धावलं. त्यानंतर आठ दिवस सगळे शहाण्यासारखे वागले. नवव्या दिवशी मोबाइल परत आले.

आणि तानुबाई तरी काय कमी होती? उन्हाळ्यात तिनंच कुरडया प्लेटांवर वाळत घालायला लावल्या. एवढी तापलेली काच मोकळी पडलेली तिला बघवेना. दोन दिवस मी अर्धपोटी होते. या बाईला घरातलं सगळं दिसायचं, स्वतःचा जीव तेवढा दिसायचा नाही.

मग धोंड्याचा महिना आला. भर उन्हाळ्यात. लेक पूनम आणि जावई शेखर पिंपळगाव राजाहून जेवायला येणार म्हणून घरात आठवडाभर धांदल होती. तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, जावयाला कपडे. आदल्या संध्याकाळी वादळानं दोन खांब आडवे केले आणि लाइन गेली. सकाळपर्यंत तानुबाईला मीच सांभाळलं. ऊन वर आल्यावर प्लेटा तापल्या आणि मी काठोकाठ भरले.

दुपारी शेखर आला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. बैठकीत कूलर मुका उभा होता. माणूस वाईट नाही तो. "राहू द्या, मी बाहेर निंबाखाली बसतो," म्हणाला.

तानुबाईला ते लागलं. "धोंड्याचा जवाई निंबाखाली जेवन? लोकं थुकतीन आपल्यावर. भागवत, कूलर लाव."

"माय, दोनही चालत नाई एकावेळी."

"मंग माहं काढ. मले आता बरं वाटून राह्यलं."

भागवतनं बापाकडे पाहिलं. वामनराव दाराकडे बघत म्हणाले, "तासाभराचं तं काम हाय." भागवत तरीही जागचा हलला नाही, तेव्हा तानुबाईनं स्वतःच मशीनची पिन उपटली. नाकातली नळी काढून उशीखाली ठेवली. रुपालीनं वायर ओढून कूलरची पिन त्याच सॉकेटमध्ये घातली. गार वारा सुटला आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

मला त्या क्षणी बंद पडावंसं वाटलं. पण बंद पडणं माझ्या हातात नाही. मागेल त्याला वीज देणं एवढंच मला येतं, आणि मी कूलरला देत राहिले.

जेवण झालं. वाण दिलं, पाया पडणं झालं, फोटो झाले. तास केव्हाच उलटून गेला. पुरणावर आलेली सुस्ती, त्यात गार वारा. शेखर लवंडला आणि घोरायला लागला. आता कूलर बंद करायचा म्हणजे जावयाची झोप मोडायची. ती कोण मोडणार? रुपाली दोनदा सॉकेटपाशी आली, हात लावला, परत गेली. भागवत ओट्यावर जाऊन बसला. तानुबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, सूप मांडीवर, पाखडत काहीच नव्हती. तिच्या छातीची शिट्टी मला कूलरच्या आवाजातही ऐकू येत होती.

पूनम जवळ जाऊन म्हणाली, "माय, लावू का मशीन?"

"उठू दे त्याले," तानुबाई म्हणाली. मग ती बोलली नाही.

शेखर उठला, त्यानं चहा मागितला. चहा ठेवायला पूनम आत गेली आणि तिनं टाहो फोडला. तानुबाईचे ओठ निळे पडले होते. मग मात्र सगळ्यांना घाई झाली. कूलरची पिन काढली, मशीन लावलं, नळी नाकात घातली. मी दिली ना वीज, सगळी दिली. संध्याकाळपर्यंत मशीन चालत होतं. ते बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

भेटायला माणसं यायला लागली. तिसऱ्या दिवशी वामनराव कोणाला तरी म्हणाले, "बॅटरीनं घात केला. ऐन टायमाले बंद पडली." भागवतनं मान खाली घातली. रुपाली उठून आत गेली. खोटं आहे असं कोणी म्हटलं नाही. तेरवीपर्यंत तर ते सगळ्यांना खरंच वाटायला लागलं. शेखरनं मात्र एकदा माझ्याकडे पाहिलं. कूलर कशावर चालला होता हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

बदनामी ऐकून धम्मदीप आला. मीटर लावलं, ॲसिडचं पाणी तपासलं, पुन्हा मीटर लावलं. "वामनरावकाका, हिच्यात काईच खराबी नाई. फुल भरेल हाय."

"तुह्या मीटरले काय समजते?" वामनराव म्हणाले.

धम्मदीपनं खाटेजवळच्या सॉकेटकडे पाहिलं. भेटायला येणाऱ्यांसाठी कूलर पुन्हा तिथंच लावलेला होता. रुपालीनं चहा आणला, तो न पिताच त्यानं सामान गुंडाळलं आणि निघून गेला.

उद्या टेम्पो मला परत न्यायला येणार आहे. माझ्या जागी मोठी बॅटरी आणि मोठा इन्व्हर्टर येईल. कूलर आणि मशीन दोन्ही एकदम चालतील एवढा मोठा. भागवतनं दुकानदाराला तसंच सांगितलं. मशीन कोणासाठी, असं त्यानं विचारलं तेव्हा भागवतनं फोन ठेवून दिला.

जाते मी. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर तिच्यावर कोणाचा जीव आहे ते विसरू नका, आणि त्या माणसानं स्वतः पिन काढली तरी ती परत लावा. पाहुणा उठला तर उठू द्या. राग मला वामनरावांचा आहे, भागवतचा आहे, आणि सगळ्यात जास्त तानुबाईचा आहे. माझ्या भरोशावर होती ना ती? मग एकदा, एकदाच, जावयाला उठवायचं होतं.