पट्ट्याचं टोक

मर्व्हिन पास्कोने चौथ्यांदा पेन्सिलीला टोक केलं, तरी कागद कोराच होता. समोर खुर्चीत क्लॅरी ट्रेनरी बसला होता आणि मागे वॉलरू या बंदरगावच्या क्लबातले तीसेक सभासद ग्लास हातात धरून हसायच्या तयारीत उभे होते.

सभासदाने सत्तरी गाठली की मर्व्हिनने सगळ्यांदेखत त्याचं व्यंगचित्र काढायचं आणि पसंत पडलं तर त्या सभासदानेच खिळा ठोकून फ्रेम भिंतीवर टांगायची, असा क्लबचा रिवाज. बावीस वर्षांत कुणी नकार दिला नव्हता. क्लॅरीच्या पोटावर तर मर्व्हिनचा केव्हापासून डोळा होता. पण गेल्या हिवाळ्यात दुखणं आलं आणि ते पोट गेलं, गालांची हाडं वर आली. व्यंगचित्रात असेल तेच वाढवायचं. इथे वाढवणार काय? क्लॅरीची बायको नोला सकाळीच त्याला गाठून म्हणाली होती की जुनं पोटच काढ, त्याला बरं वाटेल.

त्याने पोटाची गोल रेघ ओढायला घेतली, तोच क्लॅरी पुढे वाकला.

"मर्व, पोट काढू नकोस रे. ते आता माझं नाही."

"मग काय काढू, लेका?"

"ते तू बघ. इतकी वर्षं क्लबची फुकट बियर ढोसतोयस, ती काय उगाच?"

मर्व्हिनने मान खाली घातली आणि त्याची नजर क्लॅरीच्या पट्ट्यावर गेली. खिळ्याने पाडलेली चार नवी भोकं होती आणि बकलातून सुटलेलं टोक पार मांडीवर लोंबत होतं.

मग हात थांबला नाही. क्लॅरी होता तसाच हाडकुळा उतरला. पट्ट्याचं टोक मात्र खुर्चीखालून निघालं, क्लबची हिरवळ ओलांडून थेट बंदराच्या धक्क्यावर गेलं आणि तिथे त्याला एक होडी बांधलेली होती.

कागद फिरवला तेव्हा कुणीच हसलं नाही. नोलाने तोंडावर हात धरला. आपण मित्राला दुखावलं, असं मर्व्हिनला वाटलं. क्लॅरीने चित्रातल्या पट्ट्यावरून होडीपर्यंत बोट नेलं आणि मग ठसका लागेपर्यंत हसला.

"हातोडी आणा," तो म्हणाला.

इतरांचा खिळा तीन-चार ठोक्यांत बसे. क्लॅरीला मध्ये दोनदा थांबावं लागलं. मदतीला कुणी पुढे झालं नाही. फ्रेम जराशी वाकडीच लागली. नोला अजूनही दर शनिवारी येऊन त्या भिंतीवरच्या सगळ्या फ्रेम पुसते. ती एक मात्र तिने सरळ केलेली नाही.