पटेला म्हणजे वाटी

हितेंद्र जळगावच्या कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायचा आणि शब्दांची कुळं खणून काढायचा त्याला भारी नाद. ऐकणारं मात्र कुणी नव्हतं. पोरं मोबाईलमध्ये, बायको तर तो 'मूळ' म्हणाला की स्वयंपाकघर गाठायची. त्याची फुई, म्हणजे बापाची सख्खी बहीण यशोदाबाई, शिरपूरजवळच्या खेड्यात ओट्यावरून पडली, गुडघा फोडून घेतला आणि धुळ्याच्या दवाखान्यात आली. हा गडी भेटायला गेला, खुर्ची ओढली आणि सुरूच झाला.

"फुई, तुझं जे हाड मोडलं ना, त्याला डॉक्टर पटेला म्हणतात. रोमन लोकांचा शब्द. पटेला म्हणजे छोटी ताटली, वाटी. आपण गुडघ्याची वाटीच म्हणतो की नाही? तिकडे इराणातही गुडघ्याचा कटोराच म्हणतात. आणि गंमत ऐक, हाच पटेला स्पेनकडे गेला, तिथे 'पाएया' म्हणजे कढई झाला आणि मग कढईतल्या भातालाच ते नाव चिकटलं!"

फुई दुखणं विसरून, तोंडाचा आ करून ऐकत होती.

"बठ्ठी दुनिया वाटीच म्हनस?"

"बठ्ठी, सगळी!" हितेंद्र फुलून गेला. उभ्या जन्मात असं ऐकणारं माणूस त्याला भेटलं नव्हतं.

सकाळी डॉक्टरबाई ऑपरेशनसाठी सही घ्यायला आल्या. दोन तुकडे तारेनं जोडायचे, उशीर केला तर पाय कधीच नीट उचलता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. फुई म्हणाली, "नही."

"माय, काब्र नही?" तिचा मुलगा झुलाल कावला.

"फुटेल वाटी कोन सांधस रे? मांडासनं खापर तडकनं ते आपन उकिरडावर फेकतस. तार बांधीसन चुल्हावर ठेवतस का?"

घ्या! मांडे भाजायचं मातीचं खापर जरा तडकलं तरी खानदेशातली बाई ते पुन्हा चुलीवर चढवत नाही. ऐन पंगतीत फुटलं तर पुरण जाईल आणि अब्रूही. फुईनं जन्मभर पाळलेला नेम सरळ गुडघ्याला लावला होता.

हितेंद्रनं कपाळावर हात मारला. "अगं फुई, ते नुसतं नाव आहे! आकारावरून ठेवलेलं. आत हाड आहे, जिवंत हाड. ते जुळतं."

"काल ते बठ्ठा मुलुखनी वाटी सांगी. आते हाड व्हयनं का?"

त्यानं एक्स-रे दाखवला, हातापाया पडला, शेवटी ओरडलासुद्धा. डॉक्टरबाईंनी समजावलं, नर्सनं समजावलं. फुई ढिम्म. झुलाल बाहेर येऊन दात ओठ खात म्हणाला, "भाऊ, तुले कोनी सांगं व्हतं रे तोंड उघडाले? परवा ती तयार व्हती." संध्याकाळी फुईला गाडीत घालून घरी नेलं.

व्हायचं ते झालं. पाय लाकडासारखा राहिला. वर्षभरानं हितेंद्र गावी लग्नाला गेला, तर फुई काठी टेकत, पाय ओढत मांडवात आली. त्याला वाटलं, हिनं चारचौघांत शिव्या दिल्या तर बरं होईल.

फुईनं मात्र त्याला हाताला धरून बायकांत नेलं. तिथे गावातलीच सुनंदाबाई होती. तिच्या सासूचा गुडघा कालच फुटला होता, धुळ्याला न्यायची तयारी चालली होती. फुई तिला ठासून सांगत होती, "पटेला. रोमना लोकेसनी नाव ठेवेल शे. बठ्ठी दुनियामा वाटीच शे ती, फुटनी म्हनजे फुटनी. कापाले देऊ नका. हाऊ देखा, मन्हा भाचा, प्रोफेसर. त्यानीच सांगेल शे."

बायकांनी त्याच्याकडे मोठ्या आदरानं पाहिलं. सुनंदाबाईनं तिथूनच फोन लावून गाडीवाल्याला नको म्हणून सांगितलं आणि घराकडे निघाली.

हितेंद्र मागे धावला. "अहो ताई, थांबा! तसं नाहीये ते! सासूबाईंना आजच न्या, माझं ऐका!"

"तुमनंच तर आयकं, सर," ती चालता चालताच हसून म्हणाली. "आते तुमले कष्ट नको. फुईनी बठ्ठं समजाडी दिधं."