दुपारच्या आंबिलीचे गाडगे

मी एक जुने गाडगे आहे. माझ्यात आत्ता दोन मुठी तांदळाच्या कणीचे पीठ, तीन तांबे पाणी, चिमूटभर मीठ आणि कालच्या आंबिलीची एक पळी आहे. त्या पळीत सूक्ष्मजीव किती, ते मला मोजता येत नाही. रात्रभरात पीठ आंबवतात ते तेच.

मित्रांनो, माझी माती वैनगंगेकाठची. सावली गावच्या बाजारात गिरजाबाईंनी मला बोटाने वाजवून घेतले. पुष्कळ वर्षे मी त्यांच्यासोबत धानाच्या रोवणीला गेले. बांधावर बायका आंबील पीत आणि मला वाखाणत. पुढे स्टीलचा डबा आला आणि मी सांदीत पडले.

मग गिरजाबाईंची पाळी कायमची थांबली. खाणे तेच, पण वर्षभरात वजन अडुसष्ट किलोवर गेले. चिखलात रुतलेला पाय लवकर निघेना. रोवणीची टोळी चालवणाऱ्या इंदुताई म्हणाल्या, "गिरजाबाई, यंदा तुमी बांधावर बसून गाणे म्हणा!"

सगळ्या हसल्या. गिरजाबाई हसल्या नाहीत.

"पुढच्या साली पासष्टवर आली तं रांगेत घेता का?"

"आली तं घेतो."

उपकेंद्राच्या नर्स दीपिकाताईंनी समजावले, की या वयात चरबी पोटाकडे साठू लागते; आंबिलीतले जिवाणू पोटाला बरे. मी पुन्हा चुलीजवळ आले. महिन्याभराने वजन भरले साडेएकोणसत्तर.

"बाई, आंबील कवा पेता?" दीपिकाताईंनी विचारले.

"भात जेवला का वरून दोन गिलास. दवाई जेवणावरच घ्या लागते ना!"

"अवो बाई, जेवणावर नाई, जेवणाच्या जागी! आन् जिवाणू पोट सांभाळतीन, वजन नाई. त्याले चालणं लागते."

दुपारचा भात बंद झाला. संध्याकाळी गिरजाबाई तलावापर्यंत चालू लागल्या. मध्येच सून करिश्माने मला प्रेमाने साबणाने घासले. माझ्या बारीक छिद्रांत साबण मुरला. दोन दिवस आंबील आंबलीच नाही. शेजारून आंबिलीची नवी पळी आणावी लागली. मित्रांनो, मातीच्या भांड्याला साबण लावू नका. कोमट पाणी आणि काथ्याची मूठ पुरते.

पुढच्या आषाढात रोवणीच्या पहिल्या सकाळी दीपिकाताईंनी ओसरीवर वजनकाटा ठेवला. इंदुताई मुद्दाम पाहायला आल्या. गिरजाबाई चपला काढून काट्यावर उभ्या राहिल्या.

चौसष्ट किलो आठशे ग्रॅम.