बर्गंडीची खोली

तीन उन्हाळे मी कूलरसमोर पदरानं घाम पुसत काढले, अन् माझ्याच घरात मागच्या खोलीत एक बाटली एसी लावून निजली.

बाटली कायची, तं फ्रान्सच्या बर्गंडीची, लाल वाईनची. आमचा पोरगा आदेश तिकडे नोकरीले आहे. २०२२ च्या मे महिन्यात आला तं दोन बाटल्या घेऊन आला. म्हने, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरची आहे, जुन्या पद्धतीची. द्राक्षं पायानं तुडवतात, लाकडाच्या पिंपात मुरवतात, गाळत बी नाई. "बाबा, तीन वर्षं आडवी ठेवा. थंड जागेत, अंधारात. बूच ओलं राह्यलं पाह्यजे, अन् हलवाची तं बिलकूल नाई."

आमचं घर ऊर्जानगरच्या, म्हनजे वीज केंद्राच्या वसाहतीच्या, गेटाबाहेर. मे महिन्यात इथी नळाच्या पान्यात चहा होते. थंड जागा आनाची कुठून?

आमचे हे, म्हनजे गुणवंतराव, तीस वर्षं बॉयलरजवळ उभे राहून रिटायर झाले. मी एसी मांगितला की म्हनत, "शरीराले सवय लावू नये." पन बाटलीसाठी आठ दिवसांत एसी आला! माझी मागची खोली, जिथं माझे पापड, सरगुंडे, लोनच्याच्या बरन्या, ती त्याईनं खाली केली, कुलूप लावलं, अन् चावी करदोड्याले बांधली.

"मंग मी बी तिथंच झोपते ना," मी म्हटलं.

"नाई, नाई. मानसाच्या श्वासानं खोली गरम होते. बर्गंडी नाजूक असते."

अन् मी काय लोखंडाची आहो? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात दारात प्रेमिला टोपलं उतरवून राह्यली होती. तिचा नवरा मनसाराम तलावात जाळं टाकते, अन् ही मासोळ्या घेऊन आमच्याकडे येते. तिनं सारं ऐकलं. "बाई, याच्यासाठी मशीन काऊन? आमच्या रांजनाखालच्या रेतीत पुरली तरी थंड राहीन. रांजन झिरपते, रेती बारा महिने ओली."

झालं! मी तिथंच पैज लावली. एक बाटली एसीत, एक प्रेमिलाच्या रेतीत. तीन वर्षांनी डोळ्याले पट्टी बांधून दोन ग्लास प्याचे. एसीतली कोनती हे तुमी ओळखलं, तं खोली जन्मभर बाटलीची. नाई ओळखलं, तं खोली माझी, अन् पलंग बी तिथंच लागन.

"मंजूर," हे म्हनाले, अन् वरून हसले.

मंग रोज दुपारी जेवन झालं की यांचं सुरू. "बर्गंडी पाहून येतो." दीड तास लागे पाहाले. बाटली पाहाले दीड तास! मी विचारलं तं म्हने, "हलवाची नसते ना, म्हनून हळूहळू पाहा लागते." बाहेर येत तं चेहरा कसा टवटवीत. मले वाटे, बिचारे मन लावून करून राह्यले.

तिकडे प्रेमिलाची वेगळीच कथा. मनसारामले घोट घ्याची आवड. त्याच्यापासून बाटली वाचवाची कशी? "धानावर फवाराचं औषध पुरलं आहे म्हनून सांगतलं, बाई. आता त्याले रांजनाचं पानी बी मलेच काढून द्या लागते."

या मे महिन्यात तीन वर्षं भरली. प्रेमिलानं बाटली फडक्यात गुंडाळून, लेकरू आनावं तशी आनली. यांनी आपली आतून आनली. टेबलावर लांब दांड्याचे दोन ग्लास. मी यांच्या डोळ्याले दुपट्टा घट्ट बांधला.

आता खरं सांगते. पैज ती पैज, पन खोलीसारखी गोष्ट नशिबावर कोन सोडते? अंदाजानं बोट दाखवलं अन् लागलं तं? मी प्रेमिलाची बाटली उघडली, बूच 'टप्' वाजलं. दुसऱ्या वेळी तोंडानंच 'टप्' केलं. अन् दोन्ही ग्लास प्रेमिलाच्या बाटलीतूनच भरले. आता दाखवा म्हटलं, कोनतं बोट दाखवता! प्रेमिलानं डोळे मोठे केले.

वास असा सुटला की विचारू नका. प्रेमिला वाकून म्हने, "अवो माय! श्रावनात वारुळावर सात्यांच्या छत्र्या उगवतात, तसा वास! अन् मांगून पिकलं जांभूळ."

यांनी एक घोट घेतला, गालात घोळवला. दुसरा घेतला. मंग दोन्ही ग्लास खाली ठेवले.

"आशा, दोन्ही ग्लास एकाच बाटलीतले आहेत."

आधी तं वाटलं, जिभेनंच ओळखलं. मंग डोकं चाललं. गेल्या गुरुवारी वरनात मीठ नव्हतं, तं याईनं दोन वाट्या पिऊन "फस्कलास" म्हटलं. दोडक्याले कारलं म्हननारा हा मानूस! याले जिभेनं नाई समजलं. याले काहीतरी माहीत आहे.

मी एसीतल्या बाटलीले हात घातला. यांनी दुपट्टाच फेकला. "तिले हात लावू नको! तिले आनखी तीन वर्षं पाह्यजे!"

बूच आंगठ्यानंच निघालं. ग्लासात ओतलं तं काय, कोरा चहा! तोही कालचाच असन.

"दोन वर्षं झाले," हे खाली पाहून म्हनाले. "एक घोट म्हनून उघडली होती."

"मंग रोज दीड तास काय पाहून राह्यले होते तिथी?"

उत्तर प्रेमिलानं आनलं. ती खोलीत जाऊन आली, हातात उशी. उशीवर खोबरेल तेलाचा हा एवढा डाग.

"मले म्हने मानसाच्या श्वासानं गरम होते! तुमी काय श्वास रोखून झोपत होते?"

"अन् तू तोंडानं टप् केलं ते?"

चोर तो चोर, वर शिरजोर! मंग जे जुंपलं. हे म्हने, मी बरोबर ओळखलं, खोली माझी. मी म्हटलं, बाटलीच नाई तं खोली कायची? शेवटी दोघंही प्रेमिलाकडे वळलो. "तूच सांग वं, खोली कोनाची?"

प्रेमिलानं हातातली उशी खाली ठेवली. "तीन वर्षं रोज सांजेले मी त्या रेतीवर तांब्याभर पानी टाकलं. नवऱ्यापाशी खोटं बोलली. बहिनीच्या लेकीचं लगन अर्धं सोडून आली, रेती वाळन म्हनून." मंग सरळ विचारलं, "तुमच्यातून बाटली कोनं राखली, बाई?"

मले खरंच लाज वाटली.

"थोडीशी घे तरी," मी ग्लास पुढं केला.

"मले नको. मले झोप पाह्यजे. सकाळी चारपासून पायावर आहो." तिनं हातपाय धुतले, टोपलं दारापाशी उलटं ठेवलं, उशी पालथी करून काखेत मारली. "उन्ह उतरलं की उठवा." अन् आतून कडी लावली.

आमी दोघं कूलरसमोर बसून उरलेली बाटली संपवली. काय सांगू, लई मस्त होती! दोन घोटांनंतर मले यांच्यावर पुन्हा राग आला अन् मी आवाज चढवला. आतून प्रेमिलाच्या घोरन्याचा आवाज येऊन राह्यला होता.

"हळू बोल," हे म्हनाले. "हलवाची नसते."